बंद वाटीतला खर्ज

किमती हेडफोन घरी आणणाऱ्या रसिकाची पहिली संध्याकाळ पुष्कळदा हिरमोड करणारी ठरते. पेटी उघडली जाते, मऊ अस्तरातून ती देखणी वस्तू बाहेर निघते, आवडीच्या गायकाची मैफल लावली जाते. गायकाचा आवाज स्वच्छ येतो, सारंगीवर फिरणारा गजही जाणवतो; पण तबल्याचा डग्गा मात्र पुठ्ठ्यावर बोट मारल्यासारखा वाजतो. ज्या वस्तूसाठी लाखभर रुपये मोजले, तिच्यापेक्षा मुलाच्या हजार रुपयांच्या, कानात खुपसावयाच्या बोंडांत घुमारा अधिक! मग दुकानदाराशी हुज्जत होते, किंवा ती वस्तू निम्म्या किमतीत दुसऱ्याच्या गळ्यात मारली जाते, किंवा आवाजाची कळ शेवटपर्यंत पिरगाळून डग्ग्याला बळेच बोलके केले जाते. पहिल्या दोन वाटांनी पैसा जातो. तिसऱ्या वाटेने कान जातात. वस्तुतः बहुतेक वेळा खोट हेडफोनात नसतेच. ती असते हेडफोन आणि डोके ह्यांच्यामधल्या दोन-तीन मिलिमीटर जागेत.

हेडफोनांचे ढोबळ मानाने दोन प्रकार. एकाच्या वाट्या पाठीमागून जाळीदार, उघड्या असतात. दुसऱ्याच्या पूर्ण बंद. अमेरिकेतील मिलवॉकी शहरी जॉन कॉस ह्यांनी १९५८ मध्ये संगीत ऐकण्यासाठी म्हणून स्टिरिओ हेडफोन पुढे आणले, ते बंद वाट्यांचे होते. उघड्या पाठीचा प्रकार जर्मनीतील सेनहायझर कंपनीने १९६८ मध्ये ‘एचडी ४१४’ ह्या नमुन्याने रूढ केला. उघड्या हेडफोनात मोकळेपणा अधिक, हे सर्वमान्य आहे. परंतु दोन खोल्यांच्या घरात एकीकडे मुलांचा अभ्यास, दुसरीकडे म्हाताऱ्या माणसांची झोप, अशा ठिकाणी त्यांतून बाहेर सांडणारा आवाज घरच्यांना जाचतो, आणि बाहेरचा कुकर व रिक्षा ऐकणाऱ्याला जाचतात. म्हणून इंदूर असो, बडोदे असो की बेळगाव, शहरी घरातील रसिक बंद पाठीच्या हेडफोनाकडे वळतो, तो चैनीसाठी नव्हे, नाइलाजाने. आणि त्याची खर्जाविषयीची अपेक्षा रास्तच असते; कारण तत्त्वतः बंद वाटीइतका खोल खर्ज देणारे दुसरे सोपे साधन नाही.

खर्ज म्हणजे नेमके काय, हे अंकांत पाहिलेले बरे. मनुष्याच्या कानाची खालची मर्यादा दर सेकंदास सुमारे २० कंपनांची, म्हणजे २० हर्ट्झची मानतात. पियानोची सर्वांत खालची पट्टी साडेसत्तावीस हर्ट्झची. पाश्चात्त्य वाद्यवृंदातील उभ्या डबल बेसची खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास. चर्चमधील मोठ्या ऑर्गनची १६ फुटी नळी सुमारे ३३ हर्ट्झचा स्वर देते, आणि जेथे ३२ फुटी नळी असते तेथे तो १६ हर्ट्झपर्यंत उतरतो. तो कानाने ऐकण्यापेक्षा बाकावर बसल्या बसल्या अंगाने जाणावयाचा. आपल्याकडे काळी एक मध्ये गाणाऱ्या पुरुषगायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर मिळवलेली असते. म्हणजे हिंदुस्तानी संगीत ऐकणाऱ्याला तळाच्या २० हर्ट्झची फिकीर करण्याचे फारसे कारण नाही. त्याचे सारे सुखदुःख ५० ते १५० हर्ट्झच्या टापूत सामावलेले आहे.

आता ५० हर्ट्झच्या स्वराची हवेतील एक लहर जवळजवळ ७ मीटर लांबीची असते. हेडफोनची वाटी तर तळहातात मावणारी. एवढ्याशा वाटीत ७ मीटरांची लहर मावते कशी? उत्तर असे, की ती मावतच नाही आणि मावण्याची गरजही नसते. दिवाणखान्यातील स्पीकरला मोकळी हवा ढकलावी लागते. त्यामुळे स्वर एक सप्तक खाली उतरला की तेवढ्याच जोरासाठी त्याच्या पडद्याला चौपट अंतर पुढेमागे जावे लागते. म्हणून खर्जाचे स्पीकर मोठे, जड आणि महाग असतात. हेडफोनचे काम निराळे आहे. तेथे पडदा, गादी आणि कान ह्यांनी मिळून एक लहानशी बंद डबी तयार होते. पडदा आत आला की डबीतील सारी हवा एकदम दाबली जाते, मागे गेला की एकदम विरळ होते. हा दाब पडद्याच्या सरकण्यावर अवलंबून असतो, सरकण्याच्या वेगावर नव्हे. त्यामुळे स्वर कितीही खाली उतरला तरी दाब कमी होत नाही. मिलिमीटरहूनही थोडे हलणारा पडदा कानाशी ऑर्गनचा खर्ज उभा करतो, ही त्या लहानशा डबीची करामत.

मात्र डबी बंद असली तरच. सायकलचा पंप सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याच्या तोंडावर बोट सैल धरून दांडा झटकन दाबला तर बोटाला दाब चांगला जाणवतो; तोच दांडा सावकाश दाबला तर हवा बोटाच्या फटीतून मुकाट निसटून जाते आणि दाब म्हणून काही तयारच होत नाही. हेडफोनचेही तसेच. उंच स्वरांची कंपने इतकी जलद की हवेला फटीतून निसटण्यास अवसर मिळत नाही. खर्जाची कंपने मंद, त्यांना तो मिळतो. म्हणून गादीखाली बारीकशी फट राहिली तर गायकाचा आवाज जसाच्या तसा राहतो आणि नेमका डग्गा पळून जातो. ऐकणाऱ्याला वाटते की यंत्रच खर्जात दुबळे आहे. कारण बाकी सारे उत्तम ऐकू येत असताना फटीचा संशय येणार कसा? चांगल्या हेडफोनातही अशा फटीमुळे तळाच्या स्वरांत काही डेसिबलांपासून दहा किंवा त्याहून अधिक डेसिबलांपर्यंत घट पडते. दहा डेसिबलांची घट म्हणजे ध्वनीची शक्ती दशांशावर येणे.

ह्या फटीचा पहिला आरोपी चष्मा. कानावरून जाणारी त्याची काडी गादी उचलून धरते आणि काडीच्या पुढेमागे दोन चिंचोळे बोगदे तयार होतात. जाड काडीचा चष्मा ह्या बाबतीत फारच वाईट. बारीक तारेच्या काडीचा पुष्कळ बरा. किमती हेडफोन घेण्याची ऐपत मनुष्याला साधारणपणे ज्या वयात येते, त्याच वयात चष्माही आलेला असतो, हा दैवाचा एक खोडसाळपणाच म्हणावयाचा. परंतु संगीत ऐकण्यासाठी चष्म्याची गरज नाही. तो काढून ठेवला की पुष्कळांचे दुखणे तेथेच संपते. दुसरी आरोपी केसांची बट, आणि तिसरी फट कानाच्या पाळीखाली, जेथे जबडा संपून मानेचा खळगा सुरू होतो. कृश चेहऱ्याच्या माणसांत हा खळगा खोल असतो आणि गादीची खालची कड तेथे अधांतरी राहते. हेडफोनचा पट्टा गरजेपेक्षा लांब सोडला की वाट्या खाली घसरून ही फट आणखी वाढते. पट्टा एक-दोन खाचा आखडून वाट्या किंचित वर आणि मागे सरकवल्या तर ती मिटते. कानांतील मोठ्या कुड्या, बुगड्या, डोक्यावरचा पदर किंवा कानटोपी ह्यांचाही हिशेब ह्यातच धरावयाचा.

एक नेहमीचे उदाहरण घ्यावे. सेवानिवृत्त गृहस्थ, आयुष्यभर तबल्याच्या साथीचा शौक, रात्री नातवाची झोप मोडू नये म्हणून त्यांनी फंडाच्या रकमेतून बंद पाठीचे उत्तम हेडफोन घेतलेले. महिनाभर ते ऐकतात, खर्ज सापडत नाही, आणि आपले कानच आता गेले असा त्यांचा समज होतो. हा समज सर्वांत क्लेशदायक; कारण तो मनुष्य कोणाजवळ बोलून दाखवीत नाही, नुसता ऐकणे सोडून देतो. वास्तविक वयानुसार कान मंदावतात ते प्रथम वरच्या, सहा-आठ हजार हर्ट्झच्या स्वरांना. खर्ज ऐकण्याची शक्ती त्या मानाने फार काळ शाबूत राहते. म्हणून साठीच्या माणसाला तंबोऱ्याची झिलई ऐकू येते पण डग्गा ऐकू येत नाही, असे घडले तर दोष कानाला देण्यापूर्वी चष्म्याच्या काडीला द्यावा.

फट आहे की नाही ह्याची परीक्षा सोपी आहे. मोबाइल फोनवर हवा तो एकच स्वर निर्माण करणारे कार्यक्रम सहज मिळतात. आवाज अगदी बेताचा ठेवून ५० हर्ट्झचा स्वर लावावा आणि दोन्ही तळव्यांनी वाट्या डोक्याशी हलकेच दाबाव्यात. स्वर एकदम फुगून आला तर फट आहे. जवळजवळ तसाच राहिला तर नाही. थोडा फरक सर्वच हेडफोनांत पडतो, त्याने बिचकू नये. मग चष्मा काढून, केस मागे सारून, पट्टा आखडून तीच परीक्षा पुन्हा करावी. एक वाटी दाबून स्वर फुगला आणि दुसरी दाबून नाही, असेही घडते. दोन्ही बाजूंची डोकी सारखी नसतात. ह्या परीक्षेत २० हर्ट्झचा स्वर लावून तो ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवीत मात्र जाऊ नये. तो ऐकू येण्यासच सुमारे ७८ डेसिबलांची पातळी लागते. उलट १०० हर्ट्झला सुमारे २७ डेसिबल पुरतात.

गाद्यांविषयी चार शब्द अधिक सांगणे भाग आहे, कारण हेडफोनचा खर्ज म्हणजे पुष्कळ अंशी गादीचाच खर्ज. चामड्याची किंवा नकली चामड्याची गादी हवा धरून ठेवते. मखमलीची गादी गालाला सुखद, पण तिच्या धाग्यांतून हवा झिरपते आणि खर्ज पातळ होतो. उन्हाळ्यात घाम येतो म्हणून चामड्याच्या जागी मखमल बसवणाऱ्याने हा सौदा समजून करावा. दुसरे असे, की नकली चामड्याचा पापुद्रा दमट हवेत विघटित होऊन सुटू लागतो. गोवा आणि कोकणपट्टीच्या हवेत हे लवकर घडते; ग्वाल्हेर-हैदराबादच्या कोरड्या हवेत उशिरा. आतला फोमही दबून कडक होतो, मग गादी डोक्याच्या वळणाशी जुळत नाही. ही झीज इतकी सावकाश होते की मालकाला कळतही नाही. चार-पाच वर्षे वापरलेले हेडफोन ‘पूर्वीसारखे वाजत नाहीत’ अशी तक्रार आली तर प्रथम गाद्या बदलाव्यात, आणि त्या मूळ कारखान्याच्याच घ्याव्यात. बाजारात मिळणाऱ्या जाड, गुबगुबीत गाद्यांनी कान आणि पडदा ह्यांतील अंतर व डबीचे आकारमान बदलते, आणि ध्वनीचा सगळा तोल नवा होऊन बसतो. फटीचे महत्त्व कारखानदारांना जुन्या काळापासून ठाऊक होते. गाद्यांत द्रव भरून त्या डोक्याला अधिक घट्ट बिलगाव्यात असे प्रयोगही होऊन गेले आहेत.

वाटीच्या बंद पाठीची स्वतःचीही एक अडचण आहे. पडदा पुढे जितका आवाज टाकतो तितकाच मागेही टाकतो. उघड्या हेडफोनात तो वाऱ्यावर जातो. बंद वाटीत तो भिंतीवर आपटतो आणि पातळ पडद्यातून पुन्हा कानाकडे येतो. शिवाय वाटीतील कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी पडद्याला अडवते. ह्यातून जो दोष निपजतो तो खोल खर्जाचा अभाव नसून १५० ते ३०० हर्ट्झच्या टापूतील फुगवटा हा असतो. ऐकणाऱ्याला ‘खर्ज भरपूर आहे पण समाधान नाही’ असे वाटते ते ह्यामुळे. खालचे स्वर वरच्या स्वरांना झाकून टाकतात, हे १९२४ मध्ये वेगेल व लेन ह्यांनी मोजून दाखविले. हा फुगवटा तर गायकाचा आवाजच झाकतो. किमती हेडफोनांचा बराचसा पैसा ह्या मागच्या आवाजाला जिरविण्यात खर्च होतो. सोनी कंपनीने १९८९ च्या ‘आर १०’ मध्ये जपानी झेल्कोवा लाकडाच्या वाट्या कोरल्या. सेनहायझरने २०१८ च्या ‘एचडी ८२०’ मध्ये पाठीवर बाकदार काच बसवली. डॅन क्लार्क ह्यांच्या २०२१ च्या ‘स्टेल्थ’मध्ये पडद्यापुढे सूक्ष्म पोकळ्यांची एक जाळी ठेवून नको ते पडसाद शोषण्याची युक्ती आहे. लाकडाने खर्जाला ‘ऊब’ येते असे विक्रेते सांगतात. त्यातील बरीचशी ऊब डोळ्यांना मिळते.

फट मिटली, गाद्या नव्या आल्या, तरीही खर्ज किंचित उणा वाटला तर? तर कारण यंत्रात नसून श्रवणाच्या धर्मात आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन ह्यांनी १९३३ मध्ये असे दाखविले, की हळू आवाजात कान खर्जाला फार बधिर असतो, आणि आवाज वाढवीत गेले की ही बधिरता कमी होत जाते. त्याच मन्सनने वीनर ह्यांच्यासह १९५२ मध्ये एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली: खर्जाचा स्वर स्पीकरमधून जितका मोठा वाटतो तितकाच हेडफोनातून वाटावा म्हणून कानाशी सुमारे ६ डेसिबल अधिक दाब द्यावा लागतो. ह्या ‘हरवलेल्या ६ डेसिबलां’वर पुढे पुष्कळ काथ्याकूट झाला. कान झाकला की स्वतःच्याच रक्ताचा आणि स्नायूंचा घुरघुर आवाज आत कोंडतो व खर्जावर पांघरूण घालतो, हे त्याचे एक कारण. आणि खोलीत खर्ज छातीला, पायांखालच्या फरशीला जाणवतो, तसा तो हेडफोनात जाणवत नाही, हेही खरेच.

आवाजाची कळ पिरगाळण्याचा मोह नेमका येथे होतो, आणि तो फसवा अशासाठी की त्याने खर्ज खरोखरच वाढल्यासारखा वाटतो. परंतु खर्जाबरोबर मधले आणि वरचे स्वरही तेवढेच चढतात, आणि कानाच्या नाजूक पेशींना इजा करतात ते प्रामुख्याने तेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघासह जो दंडक घालून दिला, त्याप्रमाणे प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे. दर ३ डेसिबल वाढीला हे तास निम्मे होतात. म्हणजे ८९ डेसिबलांवर आठवड्याचे तास अवघे पाच. एकदा गेलेल्या पेशी परत उगवत नाहीत.

शहाणपणाची वाट अशी, की फक्त खर्ज वाढवावा. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी ह्यांनी हार्मन कंपनीत २०१२-१३ पासून शेकडो श्रोत्यांना अनेक प्रकारचे तोल ऐकवून पाहिले, आणि बहुसंख्यांना आवडलेला तोल उत्तम खोलीतील उत्तम स्पीकरच्या जवळचा, म्हणजे सुमारे १०५ हर्ट्झच्या खाली काही डेसिबलांनी उचललेला निघाला. काहींना त्याहून अधिक खर्ज हवा होता, काहींना कमी. तेव्हा फोनवर किंवा संगणकावर ईक्वलायझर असेल तर १०० हर्ट्झच्या खालचा सगळा पट्टा पायरीसारखा प्रथम ३ डेसिबल वर घ्यावा, आठवडाभर ऐकावे, आणि लागलाच तर ६ पर्यंत न्यावा. जेवढा खर्ज वाढवला तेवढाच एकूण आवाज आधी खाली घ्यावा. नाहीतर मोठ्या स्वरांची टोके कापली जाऊन डग्गा फाटका वाजेल. ६ डेसिबल म्हणजे पडद्याची हालचाल दुप्पट आणि वीज चौपट, हे ध्यानी असू द्यावे. पुष्कळांचा अनुभव असा, की खालचा पट्टा न वाढवता २०० हर्ट्झच्या आसपासचा फुगवटा दोन डेसिबलांनी दाबला तरी डग्गा आणि आवाज वेगवेगळे उभे राहतात. हा उपाय आधी करून पाहण्यासारखा आहे.

अ‍ॅम्प्लिफायरविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. नेहमीच्या, गोल कॉइलच्या हेडफोनांचा विद्युत-विरोध खर्जात एका ठिकाणी उसळतो; अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा विरोध मोठा असला तर तेथे खर्ज सैल आणि फुगीर होतो. तो हेडफोनच्या विरोधाच्या आठव्या हिश्शाहून कमी असावा, म्हणजे ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमपर्यंत, हा ठोकताळा पुरे. चपट्या, चुंबकपट्ट्यांच्या प्लेनर हेडफोनांना हा त्रास नाही. महागड्या तारांनी खर्ज वाढतो ही समजूत ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडलेली बरी.

खर्ज ऐकणे हा निव्वळ दाबाचा व्यवहार नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. जर्मनीत झेबेक ह्यांनी १८४१ मध्ये सायरनवर प्रयोग करून दाखविले, की मूळ स्वर जवळजवळ नसला तरी त्याचे वरचे उपस्वर असले की कान तो मूळ स्वर ऐकतो. मोठ्या चर्चच्या घंटेचा ठोका ज्या स्वराचा वाटतो तो स्वर घंटेच्या कंपनांत पुष्कळदा नसतोच. वरच्या उपस्वरांवरून कान तो रचतो. जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलची सुवर्णघंटा ऐकणाऱ्यांनी हा विचार अवश्य करावा. तंबोऱ्याच्या जवारीने उपस्वरांचा जो मोहोळ उठतो, त्यावर सर चंद्रशेखर रामन ह्यांनी १९२१ मध्ये लिहिले. तबल्याच्या शाईमुळे उपस्वर सुरात येतात हे त्यांनी त्याच्या आदल्या वर्षी दाखविले होते. मिरजेच्या तंबोऱ्याचा खर्ज लहानशा रेडिओतूनही ओळखू येतो तो ह्याच बळावर. डग्ग्याचे तसे नाही. त्याच्या घुमाऱ्यात उपस्वर थोडे आणि मूळ स्वरच मोठा. म्हणून फट पडली की पहिला बळी त्याचा जातो, आणि हेडफोनची पारख करावयाची तर तंबोऱ्यापेक्षा डग्ग्यावरच करावी. विलंबित तालात डाव्या हाताच्या मनगटाने मींड घेतली की स्वर खालून वर सरकताना सलग ऐकू यावा. मध्येच दबला किंवा फुगला तर तोल अद्याप बसलेला नाही.

मात्र पारखीचे ध्वनिमुद्रण निवडताना सावध असावे. १९२५ पूर्वीच्या तबकड्या कर्ण्यासमोर गाऊन, विजेच्या साहाय्याशिवाय मुद्रित झालेल्या. त्यांत सुमारे २०० हर्ट्झच्या खाली फारसे काही उतरलेलेच नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पहिल्या काळातील तबकड्या आणि १९३४ नंतरच्या त्यांच्या तबकड्या पाठोपाठ ऐकल्या तर फरक तत्काळ ध्यानी येतो; दुसऱ्यांत तंबोरा आहे, पहिल्यांत त्याची नुसती चाहूल. अशा जुन्या तबकड्यांवर खर्ज ६ डेसिबल चढवला तर डग्गा येत नाही, फिरत्या टेबलाची घरघर तेवढी मोठी होते. त्या ऐकताना ईक्वलायझर बंद ठेवावा आणि चष्माही खुशाल डोळ्यांवर असू द्यावा.